तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकांचा सन्मान: मानपत्रात नेमके काय लिहावे?

पारावरचा वाचक (धागाकर्ता)

सप्रेम नमस्कार.

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, म्हणून तो दिवस आपण पत्रकार दिन म्हणून पाळतो. आमच्या तालुक्यातील सार्वजनिक ग्रंथालयाने येत्या पत्रकार दिनी एका निवृत्त संपादकांचा सत्कार करायचे ठरवले असून मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. या गृहस्थांनी सदतीस वर्षे एक साप्ताहिक चालवले. चार पानांचा अंक, आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडणारा. त्यांच्या संकोची स्वभावाला मान देऊन येथे त्यांचे व साप्ताहिकाचे नाव देत नाही.

पहिला मसुदा मी एका बैठकीत लिहून काढला. निर्भीड, निःपक्षपाती, व्रतस्थ, झुंजार लेखणीचे धनी, असे सगळे शब्द त्यात होते. दुसऱ्या दिवशी वाचून पाहिला तेव्हा लक्षात आले की फक्त नाव बदलले तर हाच मजकूर कोणाही संपादकांसाठी वाचून दाखवता येईल. सदतीस वर्षे दर आठवड्याला ज्या माणसाने आपल्या गावांविषयी नेमके लिहिले, त्याच्याविषयी आपण इतके मोघम लिहावे, याची मला मनापासून लाज वाटली. मसुदा बाजूला ठेवून मी त्यांच्या घरी गेलो आणि अंकांच्या फायली पाहू देण्याची विनंती केली.

फायली माळ्यावर होत्या. सुरुवातीची काही वर्षे पुठ्ठ्यात बांधलेली, नंतरची नुसती सुतळीने आवळलेली. पानांमध्ये कडुनिंबाचा पाला घातलेला होता, तरी कसरीने कडा खाल्ल्या होत्या, आणि एका वर्षाचा गठ्ठा पावसात भिजून विटेसारखा घट्ट झाला होता. सलग अकरा दिवस मी दुपारी तेथे बसून वाचत होतो.

त्यातल्या दोन गोष्टी सांगतो. एका दुष्काळी उन्हाळ्यात पहिल्या पानावर उजव्या कोपऱ्यात दर आठवड्याला एक चौकट आहे. तीन रकाने: गावाचे नाव, टँकरच्या मंजूर खेपा, प्रत्यक्ष आलेल्या खेपा. तिसऱ्या रकान्यातले आकडे गावोगावचे शिक्षक चिठ्ठीवर लिहून एसटीच्या वाहकाकडे देत आणि वाहक त्या चिठ्ठ्या छापखान्यात पोहोचवत, असे संपादकांनी सांगितले. त्या चौकटीला मथळाही साधा होता, 'या आठवड्याचे पाणी'. त्यावर अग्रलेख नाही, कोणावर आरोप नाही. सातव्या आठवड्याच्या अंकात खाली एक ओळ आहे: टँकरच्या खेपांची यादी आता कार्यालयाबाहेरच्या फलकावर रोज लावली जाते, वाचकांनी ती पडताळून कळवावी.

दुसरी गोष्ट एका चुकीची आहे. एका सोसायटीच्या सचिवांनी खतवाटपात गोलमाल केल्याची बातमी पहिल्या पानावर चार ओळींच्या मथळ्याने आली होती. पुढच्याच अंकात, त्याच जागी, त्याच आकाराच्या टाइपात मथळा आहे, 'आमची चूक', आणि खाली हिशेब कोठे चुकला ते आकड्यांसह दिले आहे. दिलगिरी आतल्या पानावर तळाशी टाकण्याची रीत आपण सर्वांनी पाहिली आहे, म्हणून ते पान मी बराच वेळ समोर ठेवून बसलो होतो.

माझा प्रश्न असा आहे. अशा कामाला सेवा आणि नेतृत्व म्हणायचे तर मानपत्रात ते कसे उतरवावे? आणि छोट्या वृत्तपत्राचा गौरव करताना आपण नेमके कशाला मान द्यावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

गोदाकाठ

आपण फायली वाचायला बसलात, हेच या सत्काराचे पहिले खरे पाऊल आहे असे मी मानतो.

आमच्या नेवासे तालुक्यातील तरवडी हे गाव 'दीनमित्र'मुळे ओळखले जाते. सत्यशोधक चळवळीतील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढले. त्यांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले, तेही पुण्यामुंबईत नव्हे तर अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे या खेड्यातून, आणि पुढे ते तरवडीहून निघू लागले. भारतातील पहिले ग्रामीण वृत्तपत्र असा त्याचा उल्लेख केला जातो. १९६७ मध्ये मुकुंदरावांचे निधन झाले, तोवर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांनी हे पत्र खेड्यात बसून चालवले.

त्या काळी खेड्यातून वृत्तपत्र काढणे म्हणजे काय, याचा विचार करावा. कागद, शाई आणि खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरे) शहरातून आणायचे, आणि छापलेला अंक टपालाने जायचा. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हते, त्यामुळे गावात वाचता येणारा एक जण अंक मोठ्याने वाचत असे आणि बाकीचे ऐकत. १९१० च्या फेब्रुवारीत सरकारने वृत्तपत्रांकडून जामीन मागण्याचे अधिकार देणारा कायदा केला होता, आणि त्याच वर्षी एक पाटील खेड्यात नवे पत्र काढायला उभा राहतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते. सावकारी, कुलकर्णी वतन, अंधश्रद्धा आणि धार्मिक पिळवणूक हे त्यांचे विषय होते, आणि ज्यांच्यावर लिहायचे ती माणसे शेजारच्या वाड्यात राहत होती. शहरातला संपादक टीका लिहून घरी जातो. खेड्यातल्या संपादकाला दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीवर, त्याच बाजारात त्या माणसासमोर उभे राहावे लागते. गावातल्या वृत्तपत्राचे धैर्य मोजताना हे अंतर लक्षात घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

तरवडीत त्यांचे स्मारक आहे आणि त्यांच्या नावाने लेखकांना पुरस्कार दिले जातात. त्या कार्यक्रमांना मी गेलो आहे. खेड्यातल्या संपादकाचा सन्मान त्याच खेड्यात, मांडव घालून, गावकऱ्यांसमोर होतो, हे मला फार मोलाचे वाटते. आपणही सत्कार तालुक्याच्या सभागृहात ठेवण्याऐवजी ज्या गावांना त्या चौकटीमुळे पाणी मिळाले त्यांपैकी एखाद्या गावात करता आला तर पाहावे.

खिळेजुळारीची लेक

माझे वडील तेवीस वर्षे एका जिल्हा साप्ताहिकाच्या छापखान्यात जुळारी, म्हणजे खिळे जुळवून मजकूर तयार करणारे, होते. संपादकांच्या सत्काराविषयी वाचते तेव्हा मला त्यांची काळी पडलेली बोटे आठवतात, म्हणून थोडे लिहिते.

मराठीच्या खिळ्यांची केस, म्हणजे खणांची पेटी, इंग्रजीपेक्षा फार मोठी असे, कारण जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांचे खण वेगवेगळे. वडील डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवण्याची पट्टी) धरून उजव्या हाताने न पाहता खिळे उचलत आणि उलटी अक्षरे सुलट्यासारखी वाचत. बुधवारी रात्री शेवटचा फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, बांधला जाई. दोन पाने छापून ती वाळेपर्यंत सर्वांनी चहा घ्यायचा, मग उरलेली दोन पाने मागच्या बाजूस छापायची. वीज गेली तर ट्रेडल हे छपाईयंत्र पायाने मारायचे. पहाटे घड्या घालून, पत्त्याच्या पट्ट्या चिकटवून गठ्ठे टपालात पडत. आम्ही मुले पट्ट्या चिकटवायला बसत असू, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची नावे मला शाळेच्या भूगोलाआधी त्या पट्ट्यांवरून पाठ झाली होती.

नेतृत्वाविषयी आपण विचारले आहे. खिळ्यांशिवाय छापणारे ऑफसेट तंत्र आले तेव्हा पुष्कळ छापखान्यांतून जुळाऱ्यांना एका दिवसात घरी पाठवले गेले. वडिलांच्या संपादकांनी संगणक आणला तेव्हा तो आधी वडिलांसमोर ठेवला. वडील पन्नाशीला आलेले, कळफलकाकडे पाहून घाबरले होते. संपादकांनी चार महिने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवल्या. दोन पाने खिळ्यांवर आणि दोन संगणकावर. त्यात त्यांचे पैसे गेले, हे मला मोठेपणी हिशेबाच्या वह्या पाहिल्यावर कळले. वडील शेवटपर्यंत त्याच छापखान्यात कामाला राहिले. तालुक्याच्या वृत्तपत्रातले नेतृत्व म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर ते चार महिने येतात.

मानपत्र लिहिण्यापूर्वी त्या साप्ताहिकात कोण जुळणी करत होते, कोण यंत्र चालवत होते, कोण अंक वाटत होते, हे जरूर विचारावे.

नदीपलीकडचा

चर्चा चांगली चालली आहे, पण एक हरकत स्पष्टपणे नोंदवणे मला आवश्यक वाटते.

तालुका पातळीवरील प्रत्येक वृत्तपत्र सन्मानयोग्य असते असे मानून चालू नये. बातमी छापण्याची भीती घालून जाहिरात मिळवणारी साप्ताहिकेही मी पाहिली आहेत. वर्षभर अंक निघत नाही आणि निवडणूक जवळ आली की अचानक रंगीत पाने निघतात, असेही पाहिले आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांची 'पॅकेज' उघडकीस आली आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेला २०१० मध्ये त्यावर अहवाल करावा लागला. त्या प्रकारात मोठी दैनिकेही होती, त्यामुळे दोष केवळ लहानांचा नव्हे. तरीही सत्काराच्या व्यासपीठावर सरसकट सर्वांना शाल पांघरली की प्रामाणिक माणसाच्या शालीची किंमत कमी होते.

आपण ज्यांचा सत्कार करत आहात त्यांच्या साप्ताहिकाच्या जाहिराती कोणाच्या होत्या, आणि ज्यांच्या जाहिराती होत्या त्यांच्याविषयी बातम्या कशा आल्या, हे आपण फायलींत पाहिले का?

पारावरचा वाचक (धागाकर्ता)

आपली हरकत रास्त आहे, आणि मी ते पाहिले नव्हते हे मान्य करतो. आपला प्रतिसाद वाचून काल पुन्हा माळ्यावर चढलो.

जाहिराती मुख्यतः चार प्रकारच्या आहेत: न्यायालयाच्या आणि वाटणीच्या जाहीर नोटिसा, बियाणे व खतांची दुकाने, दिवाळी अंकातील शुभेच्छा, आणि तालुक्यातील मोठ्या सहकारी संस्थेची वार्षिक सभेची नोटीस. या शेवटच्या जाहिरातीवर साप्ताहिकाचा बराच भार असावा, कारण ती दरवर्षी पूर्ण पान आहे. एका वर्षी उसाच्या वजनकाट्यातील तफावतीची बातमी सलग तीन अंकांत आली. त्यानंतरची दोन वर्षे ते पूर्ण पान दिसत नाही. संपादकांना विचारले तेव्हा ते इतकेच म्हणाले की त्या दोन वर्षांत घरच्या शेतीने अंक चालवला. तिसऱ्या वर्षी जाहिरात परत आली आहे आणि त्याच अंकात आतल्या पानावर वजनकाट्याच्या नव्या तपासणीचीही बातमी आहे.

हे मानपत्रात जाईल. आपण विचारले नसते तर ते माझ्या नजरेतून सुटले असते.

ओहायो तीरावरून

मी गेली अनेक वर्षे सिनसिनाटीत राहतो. नदी ओलांडली की केंटकी राज्य लागते. तेथील पूर्वेकडच्या डोंगराळ कोळसा पट्ट्यात व्हाइट्सबर्ग नावाचे छोटे गाव आहे आणि तेथून 'द माउंटन ईगल' हे साप्ताहिक निघते. टॉम आणि पॅट गिश या दांपत्याने ते १९५६ मध्ये विकत घेतले आणि पुढे अर्धशतकभर चालवले. नदीपलीकडचा यांच्या प्रश्नाला या कहाणीत एक उत्तर आहे, म्हणून ती सांगतो.

गिश दांपत्याने शाळा मंडळाच्या आणि काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कारभाराच्या सभांना बसून तेथे जे घडले ते छापायला सुरुवात केली. सभांची दारे त्यांच्या वार्ताहरांना बंद करण्यात आली. डोंगर उघडे पाडून कोळसा काढण्याच्या पद्धतीवर, खाणकामगारांच्या सुरक्षिततेवर आणि पोलिसांच्या वर्तनावर त्यांनी लिहिले, तेव्हा जाहिराती बंद झाल्या. ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांच्या कार्यालयाला आग लावण्यात आली. साप्ताहिकाच्या नावाखाली 'ते किंचाळते' अशा अर्थाचे इंग्रजी ब्रीद छापलेले असे. आगीनंतरचा अंक निघाला तेव्हा त्यात एकच शब्द वाढला होता: 'ते अजूनही किंचाळते'.

केंटकी विद्यापीठातील ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने २००५ मध्ये त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार त्यांनाच दिला. टॉम २००८ मध्ये गेले, पॅट २०१४ मध्ये. हा पुरस्कार देताना धैर्य, सचोटी आणि चिकाटी असे तीन गुण पाहिले जातात. मला तिसरा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. एखाद्या प्रसंगी धैर्य दाखवणारे पुष्कळ असतात. आग लागल्यानंतरही त्याच गावात राहून, त्याच सभांना पुन्हा वही घेऊन जाणे आणि पुढची तीसेक वर्षे जात राहणे, ही वेगळी गोष्ट आहे. आपल्या संपादकांची जाहिरातीविना गेलेली दोन वर्षे मी याच रांगेत ठेवीन.

लेखाजोखा

आता आपल्याकडच्या व्यवस्थेविषयी लिहितो, कारण या विषयात मी काही वर्षे कागदपत्रे हाताळली आहेत.

महाराष्ट्र शासनाचे विभागवार पत्रकारिता पुरस्कार आहेत आणि त्यांना दिलेली नावे फार विचारपूर्वक निवडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगर विभागाला 'मराठवाडा'चे अनंत भालेराव, कोल्हापूरला 'पुढारी'चे ग. गो. जाधव, नाशिकला 'गावकरी'चे दादासाहेब पोतनीस, पुण्याला 'सकाळ'चे नानासाहेब परुळेकर. यातील प्रत्येकाने आपल्या भागाच्या प्रश्नांवर वृत्तपत्र उभे केले. निझामाच्या राजवटीविरुद्धच्या लढ्यातून आलेल्या भालेरावांनी मराठवाड्याच्या मागासलेपणावर जी लेखणी चालवली, ती प्रादेशिक पत्रकारितेचा आदर्श मानली जाते. याच परंपरेत 'कृषीवल' येते, जे नारायण नागू पाटील यांनी चरीच्या शेतकरी संपाच्या काळात, १९३७ मध्ये, कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील कुळांसाठी काढले. आणि बाबूराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात सुरू केलेले 'तरुण भारत'ही येते.

परंतु या पुरस्कारांसाठी प्रवेशिका मागवल्या जातात. पत्रकाराने आपल्याच लेखांची कात्रणे जोडून अर्ज करायचा असतो. आपण वर्णन केलेले संपादक असा अर्ज कधीही करणार नाहीत, आणि त्यांची ती तीन रकान्यांची चौकट कोणत्याही गटात बसणार नाही, कारण तिच्यावर लेखकाचे नावच नाही. माझे ठाम मत आहे की स्थानिक पत्रकारितेच्या सन्मानासाठी शिफारस वाचकांकडून, ग्रंथालयांकडून, ग्रामपंचायतींकडून यावी आणि निवड समितीने किमान एका वर्षाचे सर्व अंक वाचावेत.

सन्मान आणि उपजीविका यांचाही संबंध आहे. ज्येष्ठ पत्रकारांसाठी बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाने शासनाची सन्मान योजना आहे. तिची रक्कम दरमहा ११,००० रुपये होती, ती पुढे २०,००० करण्यात आली. सुरुवातीच्या अटींत वयाची साठ वर्षे आणि तीस वर्षांचा अनुभव यांचा समावेश होता. मोठ्या दैनिकातल्या नोकरदाराकडे नेमणुकीची पत्रे आणि वेतनचिठ्ठ्या असतात. तालुक्याच्या वार्ताहराला मानधनाची पावतीसुद्धा मिळालेली नसते, त्यामुळे अनुभव सिद्ध करताना तो अडतो. त्याच्यापाशी पुरावा असलाच तर तो छापलेल्या अंकांचा, आणि ते अंक कसरीच्या तोंडी असतात. म्हणून आपण त्या फायली उघडल्या याला मी व्यवहारातही फार महत्त्व देतो.

संरक्षणाचाही प्रश्न आहेच. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये संमत केला. त्यानंतरही, फेब्रुवारी २०२३ मध्ये, राजापूर येथे रिफायनरी प्रकल्पाविषयी लिहिणारे शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला आणि त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवण्यात आला. जिल्ह्यातील पत्रकाराच्या सेवेविषयी बोलताना हे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

गोदाकाठ

लेखाजोखा यांच्या मुद्द्याला एक जुना दाखला जोडतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. पत्र जन्माला येत असताना दिलेली ती मदत होती. वर्गणी वेळेवर भरणे आणि गरजेच्या वेळी पाठीशी उभे राहणे हाही संपादकाचा सन्मानच आहे, आणि तो त्याच्या हयातीत, अंक चालू असताना करता येतो.

पुस्तकांच्या सहवासात

मी ग्रंथालयात काम करते. मानपत्राचे आपण पाहतच आहात, मी फक्त फायलींविषयी लिहिते.

१९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकांनी पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या असतात आणि १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रांचाही समावेश झाला. आपल्या राज्यात मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा त्यात अंतर्भाव आहे. तरीही माझ्या अनुभवात तालुक्याच्या साप्ताहिकांचे पूर्ण संच फार क्वचित सापडतात. एकोणिसाव्या शतकातील कितीतरी मराठी पत्रांचे अंक आज उपलब्ध नाहीत आणि अभ्यासकांना इंग्रज सरकारने देशी वृत्तपत्रांवर करवून घेतलेल्या साप्ताहिक अहवालांतील इंग्रजी सारांशांवर विसंबावे लागते. म्हणजे आपल्या माणसांनी आपल्या भाषेत काय लिहिले, ते पाळत ठेवणाऱ्यांच्या दप्तरातून आपण वाचतो. आणखी शंभर वर्षांनी आपल्या तालुक्याबाबत तेच घडू नये, असे मला फार वाटते.

भिजून चिकटलेला गठ्ठा कृपया हाताने सोडवू नका आणि उन्हात वाळवू नका. सावलीत, हवेशीर जागी, कोऱ्या कागदांमध्ये ठेवा. जुना वृत्तपत्राचा कागद ठिसूळ असतो आणि ओढला की अक्षरांसह निघतो. पाला काढून टाका, त्याचे डाग पडतात. बाकीच्या वर्षांची छायाचित्रे घेण्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. वरून सरळ खाली रोखलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड आणि पान सपाट ठेवायला एक काच पुरते. प्रत्येक चित्राच्या नावात अंकाची तारीख आणि पानाचा क्रमांक घाला. चार पानांच्या साप्ताहिकाचे एक वर्ष म्हणजे सुमारे दोनशे पाने. दोघांनी बसल्यास एका दिवसात एक वर्ष सहज होते. मी दोन शनिवार येऊ शकते.

खिळेजुळारीची लेक

माझेही दोन शनिवार धरा. पाने कशी उलटायची ते मला येते.

पारावरचा वाचक (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय ठरले ते कळवतो.

सत्कार टँकरच्या चौकटीत ज्या गावाचे नाव सर्वांत वर असे त्या गावच्या शाळेच्या पटांगणावर होईल. त्या काळी चिठ्ठ्या लिहिणाऱ्या शिक्षकांपैकी दोघे हयात आहेत, त्यांना व्यासपीठावर बसवणार आहोत. सत्काराच्या खर्चातून स्मृतिचिन्हाची रक्कम कमी करून ती छायाचित्रणासाठी ठेवली आहे, आणि पहिली दहा वर्षे त्या दिवसापर्यंत पूर्ण करून ग्रंथालयाच्या संगणकावर वाचकांसाठी खुली करायची आहेत.

मानपत्र नव्याने लिहिले. त्यात आता विशेषणे जवळजवळ नाहीत. चौकटीचा उन्हाळा आहे, 'आमची चूक' हा मथळा आहे, वजनकाट्याचे तीन अंक आणि जाहिरातीविना गेलेली दोन वर्षे आहेत. काल संध्याकाळी ते संपादकांना वाचून दाखवले. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा लावला आणि खिशातून लाल पेन काढले. एका तारखेत चूक होती, ती दुरुस्त केली. 'अविरत' हा शब्द खोडला. सदतीस वर्षांत चार अंक चुकले होते, असे म्हणून समासात त्या चार अंकांच्या तारखा लिहिल्या. मग दुसऱ्या परिच्छेदाजवळ मुद्रितशोधकाची खूण करून त्यांनी तीन नावे घातली: जुळाऱ्याचे, ट्रेडल चालवणाऱ्याचे आणि सायकलवरून अंक वाटणाऱ्याचे. कागद परत देताना म्हणाले, "ही नावे माझ्या नावाच्या आधी वाचा."

छायाचित्रणाचा पहिला शनिवार येत्या आठवड्यात आहे. काच मिळाली आहे, दोन दिव्यांची सोय व्हायची आहे.